इसापूरच्या पक्ष्यांची हजेरी



बक्षिसे मिळवलेल्या सर्वांचे मनापासून अभिनंदन. ज्यांनी पडद्यामागे राहून सतरंज्या अंथरल्या, माईक जोडले आणि धाकट्यांचे चेहरे रंगवले, त्यांचेही तितकेच अभिनंदन.

स्नेहसंमेलनाचा आणि पाणपक्ष्यांच्या गणनेचा हंगाम एकच असतो. इकडे शाळा-महाविद्यालयांत नाटकांच्या तालमी रंगात येतात, तेव्हा तिकडे देशभरातल्या तळ्यांच्या आणि धरणांच्या काठांवर दुर्बिणी लागलेल्या असतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ साली भारतीय उपखंडात सुरू झाली आणि तेव्हापासून दर जानेवारीत होते. भारतात तिच्यामागे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे १८८३ सालापासून निसर्गाच्या नोंदी ठेवणारी ‘बीएनएचएस’, उभी असते. मोजणारे बहुतेक जण मात्र हौशी असतात. त्यांत शिक्षक, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी, शेतकरी आणि विद्यार्थी सगळे असतात.

हिंगोली जिल्ह्याला या कामासाठी घरचेच मैदान आहे. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेवर इसापूर धरण बांधले गेले. एका काठाला कळमनुरी तालुका आणि दुसऱ्या काठाला यवतमाळ जिल्ह्यातला पुसद तालुका, असे विस्तीर्ण पाणी तिथे साठले. २०१४ साली या जलाशयाच्या परिसरात इसापूर पक्षी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३७.८ चौरस किलोमीटर आहे. राजस्थानातले जगप्रसिद्ध केवलादेव, म्हणजेच भरतपूर, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आहे. क्षेत्रफळात आपले इसापूर त्याहून मोठे भरते.

अभयारण्य जाहीर करायला एक अधिसूचना पुरते. तिथे काय आहे, काय वाढते आहे आणि काय घटते आहे हे कळायला मात्र वर्षानुवर्षे मोजणी करावी लागते. त्या कामाची पद्धत ठरलेली आहे आणि ती शिकता येते.

पाण्यावर पन्नास-साठ बदके असतील तर ती एकेक करून मोजता येतात. थवा दोन-तीन हजारांचा असेल तर तसे जमत नाही. मग निरीक्षक थव्याच्या एका टोकाकडची दहा बदके मोजतो आणि त्या दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत बसवतो. त्यावरून शंभरांचा गट कल्पून, असे किती गट होतात ते मोजत तो दुसऱ्या टोकापर्यंत जातो. शेजारी बसलेला सहकारी तोच थवा स्वतंत्रपणे मोजतो, मग दोघांचे आकडे ताडून पाहतात. इतक्यात एखादा दलदल ससाण्यासारखा शिकारी पक्षी वरून गेला की सगळा थवा उठतो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. इसापूरला आणखी एक अडचण आहे. कळमनुरीच्या काठावरून उठलेला थवा पुसदच्या काठावर जाऊन बसतो. दोन्ही काठांवर एकाच वेळी मोजणी झाली नाही तर तेच पक्षी दोनदा मोजले जातात. म्हणजे पक्षी नीट मोजायचे तर आधी दोन जिल्ह्यांतल्या माणसांची वेळ जुळवावी लागते.

या गणनेच्या नोंदवहीचे नाते वर्गातल्या हजेरीपटाशी आहे. हजेरीपटात गैरहजेरीची खूणही तितकीच जपून मांडली जाते. जिथे चक्रवाक दिसायला हवा तिथे तो दिसला नाही, तर त्या रकान्यात शून्य लिहायचे असते, रकाना कोरा सोडायचा नसतो. कोऱ्या रकान्यावरून पक्षी नव्हता की निरीक्षकच गेला नव्हता, हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.

पक्ष्यांबरोबर पाण्याचीही नोंद लागते. त्यासाठी सेकी तबकडी नावाचे साधे साधन आहे. इटलीतल्या अँजेलो सेकी या धर्मगुरू शास्त्रज्ञाने ते १८६५ साली वापरात आणले. काळ्या-पांढऱ्या पाकळ्या रंगवलेली वीतभर रुंदीची तबकडी खुणा केलेल्या दोरीने पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खोली वाचायची, मग हळूहळू वर ओढून ती पुन्हा कुठे दिसू लागते ते वाचायचे. दोन्हींची सरासरी म्हणजे पाण्याची पारदर्शकता. गाळ वाढला, शेवाळ वाढले, की हा आकडा कमी होतो. ही तबकडी शाळेच्या कार्यशाळेतही बनवता येते. तिच्या जोडीला पाण्याचे तापमान, सामू, विरघळलेला ऑक्सिजन आणि त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी लिहून ठेवली, की पक्ष्यांच्या आकड्यांना अर्थ येऊ लागतो.

धरणाच्या जलाशयात पाणीपातळी हा सगळ्यात मोठा घटक. नैसर्गिक तळ्याचे पाणी ऋतूप्रमाणे उतरते, धरणाचे पाणी कालव्याच्या आवर्तनाप्रमाणे उतरते. पाणी ओसरले की काठचा चिखल उघडा पडतो आणि तुतवार, शेकाट्या, पाणलावे त्यात किडे टिपायला उतरतात. त्याच ओल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. उघड्या पडलेल्या खडकाळ बेटांवर नदी सुरय हा पक्षी उन्हाळ्यात उघड्यावरच अंडी घालतो. पाणी जलसंपदा विभागाचे, पक्षी वन विभागाच्या देखरेखीखाली, मासे कोळी बांधवांच्या उपजीविकेचे आणि काठ शेतकऱ्यांच्या रोजच्या वापराचा. पाणथळ अभयारण्याचे व्यवस्थापन म्हणजे या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणे. तिथे भावनेपेक्षा आकडा जास्त उपयोगी पडतो. अमुक महिन्यात पातळी अमुक इतकी राहिली तर सुरयांची घरटी वाचतात, असे नोंदीवरून दाखवता आले तर त्यावर चर्चा होऊ शकते.

आकड्यांनी काय साधते, याचे भारतातले सगळ्यात बोलके उदाहरण भरतपूरचेच आहे. १९८० साली बीएनएचएसने डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली केवलादेवचा दीर्घ परिस्थितिकीय अभ्यास सुरू केला. १९८२ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि म्हशींच्या चराईवर बंदी आली. गुरांमुळे पक्ष्यांचे नुकसान होते, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. बंदीवरून गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष पेटला, गोळीबारात माणसे दगावली.

अभ्यास मात्र चालू राहिला आणि पुढच्या काही वर्षांत वेगळेच चित्र दिसू लागले. म्हशी नाहीशा झाल्यावर पास्पॅलम नावाचे गवत बेसुमार वाढले. उघडे पाणी गवताखाली झाकले जाऊ लागले आणि बदकांना उतरायला व मासे टिपणाऱ्या पक्ष्यांना शिकार करायला जागा कमी पडू लागली. ज्या म्हशींना शत्रू मानले होते, त्या चरता चरता ते गवत आवाक्यात ठेवत होत्या. पुढे गावकऱ्यांना उद्यानातले गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली.

हे कळले, कारण बंदीच्या आधीपासून तिथे मोजमाप चालू होते. बंदीनंतर अभ्यास सुरू झाला असता तर तुलना कशाशी करायची, हाच प्रश्न उरला असता. संकट आल्यावर मोजायला धावणाऱ्याच्या हाती आधीचा आकडा नसतो. इसापूर अभयारण्याचे वय अजून लहान आहे. पुढच्या पन्नास वर्षांतले अभ्यासक ज्याच्याशी तुलना करतील तो ‘आधीचा आकडा’ आत्ताच, या पिढीच्या हातून लिहिला जायचा आहे.

आधी मोजण्याचे मोल हिंगोलीला वेगळे सांगायला नको. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून तिथे अणुकेंद्रकाहूनही सूक्ष्म हालचाल टिपली जाईल. जागा निवडताना शास्त्रज्ञांनी आधी तिथल्या जमिनीची कंपने मोजली. मूळची शांतता किती आहे ते माहीत असल्याशिवाय विश्वाची चाहूल वेगळी ओळखता येत नाही. एकाच जिल्ह्यात एकीकडे कृष्णविवरांच्या टकरीचे पडसाद टिपले जाणार आहेत आणि दुसरीकडे हिमालय ओलांडून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांचे माग ठेवता येणार आहेत.

नियमित पाहणीचा उपयोग पक्ष्यांच्या आणि माणसांच्या आरोग्यालाही होतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो स्थलांतरित पक्षी मरून पडले. तपासणीत बॉट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेचे निदान झाले. मृत पक्षी वेळेवर गोळा करून त्यांची विल्हेवाट लावणे, हाच अशा वेळी साथ आटोक्यात आणण्याचा मुख्य उपाय असतो. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्या दगावल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. तळ्याकाठी दर आठवड्याला फिरणारी नजर असेल तर मेलेला पहिला पक्षी लवकर दिसतो आणि पशुसंवर्धन विभागाला लवकर कळवता येते. अशा पक्ष्याला हात मात्र लावायचा नाही.

हे काम फक्त तज्ज्ञांचे आहे, असा समज असेल तर गोंदियाकडे पाहावे. महाराष्ट्रात सारस क्रौंच हा उंच, देखणा पक्षी मुख्यतः गोंदियाच्या भागातच टिकून आहे, तोही अगदी मोजक्या संख्येत. तो धानाच्या बांधीत घरटे करतो. तिथली ‘सेवा’ ही संस्था, वन विभाग आणि गावकरी मिळून दरवर्षी त्याची गणना करतात. पहाटे ठरलेल्या जागांवर पथके एकाच वेळी हजर असतात. शेतातले घरटे राखणारा शेतकरी हाच तिथला खरा संरक्षक आहे. मारुती चितमपल्लींनीही नवेगावच्या तळ्याकाठी ढीवर, गोंड आणि रानात वावरणाऱ्या माणसांकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी टिपल्या. ‘पक्षिकोश’ लिहिणाऱ्या या वनाधिकाऱ्याच्या शिक्षकांत शाळेची पायरी न चढलेले कितीतरी जण होते. पैनगंगेवर जाळे टाकणाऱ्या कोळ्याला आणि काठावर गुरे राखणाऱ्या गुराख्याला कोणता पक्षी कधी येतो हे ठाऊक असते. ते ज्ञान नोंदवहीत यायला हवे.

हौशी नोंदींची ताकद २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने दाखवून दिली. देशातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिती त्यात तपासली गेली, ती सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर केलेल्या तीन कोटी नोंदींच्या आधारे. मराठवाड्यातल्या जलाशयांवरून जितक्या जास्त नोंदी जातील, तितका अशा अहवालात आपल्या भागाचा आवाज वाढेल.

म्हणून या व्यासपीठावरून एक प्रस्ताव. या संस्थेने ‘पाणथळ नोंदवही’ सुरू करावी. सुरुवात जवळच्या गावतळ्यापासून किंवा कयाधू नदीच्या डोहापासून व्हावी. महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी चार विद्यार्थी आणि एक शिक्षक जातील. हळदी-कुंकू बदक चोचीच्या पिवळ्या टोकावरून आणि मुळाशी असलेल्या लाल ठिपक्यांवरून ओळखायला दोन फेऱ्या पुरतात. तुतवारांतले फरक कळायला दोन वर्षे लागतात, आणि ती द्यावीत. अभयारण्यात जायचे तर वन विभागाची परवानगी घेऊनच जावे. घरट्यांचे फोटो आणि ठिकाणे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. दहावी-बारावीची तुकडी बाहेर पडताना वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी आणि त्या पानावर दोघांच्या सह्या असाव्यात. वर्षाअखेरीस एक प्रत वन विभागाला आणि एक ग्रामपंचायतीला द्यावी. पुढच्या जानेवारीच्या गणनेत या संस्थेचे पथक दिसावे, आणि पुढच्या स्नेहसंमेलनात खेळाडूंच्या आणि कलाकारांच्या बरोबरीने या पथकाचेही नाव पुकारले जावे.