तारीख : न्यायाची पहिली पायरी



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की तिच्यामागचे दुःख आता जाणवतही नाही. न्यायाधीश अन्यायी असतात, असे ही म्हण सांगत नाही. तिचा रोख आहे तो तारखांवर, हेलपाट्यांवर आणि 'पुढे काय झाले' हे पक्षकाराला न कळण्यावर. रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव आपण निःस्पृह निवाड्यासाठी आदराने घेतो. परंतु देगलूरच्या किंवा निलंग्याच्या शेतकऱ्याला न्यायालयाची पहिली ओळख निवाड्याने होत नाही, ती समन्सने होते.

मराठवाड्याला हा अनुभव जुनाच. निजामी राजवटीत न्यायालयाचा कारभार उर्दूत चाले आणि मराठी शेतकरी आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आला, पण उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ सुरू झाले ते १९८१ मध्ये. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना निघाली १९९८ मध्ये. न्याय लोकांच्या जवळ यायला किती काळ लागतो, हे या सनावळीवरून दिसते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्यात केलेल्या महत्त्वाच्या सुधारणा १ जुलै २००२ पासून लागू झाल्या. समन्स बेलिफाखेरीज नोंदणीकृत टपालाने, कुरिअरने वा ई-मेलनेही पाठविता येते. ते नाकारले म्हणून सुटका नाही; नाकारल्याचा शेरा आला की न्यायालय बजावणी झाली असे जाहीर करते. लेखी कैफियत ३० दिवसांत द्यावी, फार तर ९० दिवसांत. ही ९० दिवसांची मर्यादाही अपवादात्मक कारणासाठी शिथिल होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले. सुनावणी चालू असता एका पक्षाला तीनपेक्षा अधिक वेळा मुदत देऊ नये, असाही दंडक आहे. सबळ, आवाक्याबाहेरचे कारण असेल तरच त्याला अपवाद.

मग तारखा का वाढतात? एकदा बेलीफ गावात जातो तेव्हा माणूस ऊसतोडीला गेलेला असतो. एकदा वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलेले असतात. एकदा साक्षीदार येत नाही. प्रत्येक मुदत अर्ज वेगळा पाहिला तर रास्त वाटतो. त्यांची बेरीज मात्र अन्याय होते. त्या बेरजेत मुखेड वा उदगीरच्या माणसाची बुडालेली मजुरी कोणी धरत नाही. म्हणून न्यायाधीशाने तारीख देताना त्या दिवशी नेमके काय होणार हे सांगावे, मुदतीचे कारण रोजनाम्यात नोंदवावे आणि उगाच लांबण लावणाऱ्यावर खर्च बसवावा. ही शिस्त निकालपत्राइतकीच मोलाची आहे.

पक्षकाराचीही काही कर्तव्ये आहेत. न्यायाधीशाला परस्पर भेटणे वा कोणाकरवी निरोप धाडणे हा मार्ग नव्हे. जे सांगायचे ते अर्जाने, आणि त्याची प्रत विरुद्ध पक्षाला. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो जवळ असला की ई-कोर्ट्‌सच्या मोबाईल ॲपवर पुढची तारीख घरबसल्या कळते. वादी गैरहजर राहिला तर दावा काढून टाकला जाऊ शकतो, प्रतिवादी गैरहजर राहिला तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. तो रद्द करून घेण्याची मुदत अवघी ३० दिवस. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. भावाभावांचा बांधाचा तंटा असेल तर लोकअदालतीचा विचार जरूर करावा. प्रलंबित दावा तेथे मिटला तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते.

न्यायाधीशाचे आसन उंच असते ते सर्वांना दिसावे म्हणून. पण त्या आसनावरून दिलेली तारीख शेवटच्या बाकावरच्या, कानाने अधू झालेल्या म्हाताऱ्याला ऐकू गेली का, समजली का, आणि त्या तारखेला त्याचे काम खरोखर झाले का, यावरच ती म्हण खरी ठरायची की खोटी, हे अवलंबून आहे.