पोरगं एकटं बिघडत नाही

पोरगं चोरीत सापडलं की व्यवस्था म्हणते, वाया गेलं. डांबा त्याला!

न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतली काळी, पोर्तोरिकन पोरं अशीच विल्टविक शाळेत धाडली जात. तिथं साल्वादोर मिनुचिन आणि सोबत्यांनी पोराबरोबर अख्खं घर समोर बसवलं. १९६७ साली त्यावर पुस्तक काढलं. पुढं फिलाडेल्फियात त्यांनी वस्तीतल्याच, पदवी नसलेल्या माणसांना हे काम शिकवलं. जाणकार काचेआडून बघत, अडलं तिथंच सांगत.

आपणही हेच करायचं. अनुदान आटलं की बाहेरचा साहेब जातो. वस्तीतली बाई राहते. पण तिला फुकट राबवायचं नाही. बैठक बापाची पाळी सुटल्यावर. चहा, दिवाबत्ती वर्गणीतून. तिचा पगार मात्र सरकारकडून, भांडून! दया नको, हक्क पाहिजे.