भ्रूणाची श्रेणी आणि समोर बसलेलं जोडपं



हल्ली जोडपी खुर्चीत टेकायच्या आत विचारतात, "डॉक्टर, एम्ब्रियो ए ग्रेडचा आहे ना?" त्यावर आपण वंध्यत्वावर उपचार करणारे काय उत्तर देतो, याविषयी मला बोलायचं आहे.

गार्डनर आणि स्कूलक्राफ्ट यांनी १९९९मध्ये मांडलेली पद्धत आपण सगळेच वापरतो. पाचव्या दिवशीचा ब्लास्टोसिस्ट किती फुगलाय त्यावरून १ ते ६ आकडा, ज्यातून बाळ घडणार त्या आतल्या पेशीपुंजाला एक अक्षर आणि ज्यातून वार तयार होणार त्या बाहेरच्या थराला दुसरं. पेशी भरपूर आणि घट्ट असल्या की ४एए, विरळ नि विस्कळीत असल्या की सीसी. वरच्या श्रेणीचा भ्रूण रुजण्याची शक्यता जास्त, यात वाद नाही. म्हणून गर्भाशयात पहिला कोणता सोडायचा हे ठरवायला श्रेणी उत्तम. पण सूक्ष्मदर्शकाला गुणसूत्रं दिसत नाहीत. तिशीच्या सुरुवातीला साधारण तिसऱ्या हिश्शाच्या ब्लास्टोसिस्टमध्ये गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते, चाळिशीनंतर निम्म्याहून अधिक. बेचाळीस वर्षांच्या बाईचा ४एए आणि एकोणतीस वर्षांच्या मुलीचा ४बीबी यांत मला दुसऱ्याकडून जास्त आशा वाटते. आणि सीसी भ्रूणांतूनही निरोगी मुलं जन्मली आहेत. एकुलता एक भ्रूण केवळ अक्षर पाहून टाकून देणं मला मान्य नाही.

मग गुणसूत्रंच तपासू, असं आपण म्हणतो. पीजीटी-ए ही गुणसूत्रांची तपासणी काही जणांना नक्कीच उपयोगी आहे. पण २०२१मध्ये चीनमधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २० ते ३७ वयाच्या, किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट असलेल्या स्त्रिया होत्या. तपासणी केलेल्या गटात ७७.२ टक्के स्त्रियांना मूल झालं, न केलेल्या गटात ८१.८ टक्के. शिवाय काही पेशी सदोष, काही निर्दोष अशा मिश्र भ्रूणांतून निरोगी बाळं जन्मल्याचं संशोधक ग्रेको यांनी २०१५मध्येच दाखवलं. तरीही तरुण जोडप्याला 'यशाची खात्री' म्हणून ही तपासणी विकली जाते. हे थांबलं पाहिजे.

आता जे मला सर्वांत टोचतं ते सांगतो. बीटा एचसीजी, म्हणजे गर्भधारणेची रक्ततपासणी, निगेटिव्ह आलेली असते. समोर सून, शेजारी सासू, नवरा दाराशी फोन हातात घेऊन उभा. डॉक्टर म्हणतात, "एम्ब्रियो क्वालिटी पुअर होती." सासू सुनेकडे पाहते. सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. एवढ्या एका वाक्यात निकाल लागून जातो, आणि तो शास्त्राला धरून नसतो. पहिले दोन-तीन दिवस भ्रूण स्त्रीबीजाच्या शिदोरीवर जगतो. त्याची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर जागी होतात आणि तिथून पुढे वडिलांचा वाटाही कामाला लागतो. तिसऱ्या दिवसानंतर भ्रूण थबकत असतील तर शुक्राणूंकडेही नीट पाहायला हवं. इन्क्युबेटरमधला प्राणवायू, तापमान, लॅबमधली हवा हे तर सर्वस्वी आपलंच खातं.

हे समजावून सांगणारा सर्वांत योग्य माणूस, म्हणजे भ्रूणशास्त्रज्ञ, बहुतेक केंद्रांत जोडप्याला कधी भेटतच नाही. पहिलं टेस्ट-ट्यूब बाळ लुईस ब्राऊन हिच्या भ्रूणाच्या पेशी विभागताना पहिल्यांदा पाहिल्या त्या भ्रूणशास्त्रज्ञ जीन पर्डी यांनी. १९७८च्या त्या यशाच्या ओल्डहॅममधल्या फलकावर मात्र त्यांचं नाव कित्येक वर्षं नव्हतं. आपल्याकडचे भ्रूणशास्त्रज्ञही अजून काचेपलीकडेच आहेत.

म्हणून माझी मागणी आहे. ट्रान्सफरच्या आधी भ्रूणशास्त्रज्ञाने दहा मिनिटं जोडप्यासमोर बसावं, आणि नवऱ्याने त्या वेळी आत असावं. हाती मराठीत छापलेला कागद द्यावा. त्यावर श्रेणीशेजारी स्त्रीचं वय, शुक्राणूंचा अहवाल आणि त्या वयोगटातले आपल्याच केंद्राचे निकाल असावेत, चांगले असोत की वाईट. कागदाचा कच्चा नमुना आपल्या पिशवीत ठेवला आहे. दुपारच्या सत्रापर्यंत त्यावर दुरुस्त्या लिहून माझ्याकडे द्या.