कारवीचा मुहूर्त

श्रावण सरू लागला की यंदा कारवी कुठे फुलली आहे आणि येत्या रविवारी कॅमेरा घेऊन निघालो तर ती सापडेल काय, अशी पृच्छा करणाऱ्या मंडळींची आमच्याकडे रीघ लागते. त्या साऱ्यांना मी जो एकच उलट प्रश्न करतो, तोच आज आपणांसही करणार आहे. ज्या उतारावर आपण जाणार, त्या उतारावरची कारवी मागे कोणत्या साली फुलली होती? कारवी आठ वर्षांनी फुलते हे शाळकरी पोरही सांगेल. परंतु कोणत्या सालापासूनची आठ वर्षे, असे विचारताच डोंगर कोळून प्यालेली माणसेही निरुत्तर होतात, आणि खरी मेख आहे ती इथेच.

सबंध सह्याद्रीची कारवी एका साली फुलत नाही. भीमाशंकरच्या रानात फुलोरा आला म्हणून हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरही तो आला असेल, असे समजण्याचे कारण नाही. बेताच्या प्राप्तीचा एखादा गृहस्थ लेकीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे पै-पै गाठीला बांधतो आणि मांडवाच्या चार दिवसांत सारी पुंजी मोकळ्या हाताने खर्चून टाकतो, तसा या झुडपाचा संसार आहे. सात पावसाळे ते नुसती खरखरीत पाने आणि काठ्या वाढवते. आठव्या पावसाळ्यात अंगी असेल नसेल ते सारे फुलांवर खर्च करते आणि बी धरून वाळून जाते. पण म्हणून गावातल्या सगळ्याच घरची लग्ने एका मुहूर्तावर निघत नाहीत. ज्या घरी जायचे त्या घरचा मुहूर्त विचारावा लागतो. शेजारच्या आळीत सनई वाजली म्हणून आपण भलत्याच दारी जाऊन उभे राहत नाही.

वर्तमानपत्रातल्या छायाचित्रावर विसंबून निघणाऱ्यांना मला हेच बजावून सांगायचे आहे. दरसाल कुठेतरी दहा-वीस झुडपे मुहूर्त मोडून फुलतात. त्यांचे जवळून घेतलेले एक छायाचित्र छापून येते, पाठोपाठ मोटारी भरभरून माणसे निघतात, आणि तिथे पोहोचल्यावर हिरव्यागार, फुलावाचूनच्या उताराकडे पाहून कारवीला बोल लावतात. बोल कारवीला लावू नये. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात विचारावे. गुरे वळणाऱ्याला, वाटाड्याला, मध काढणाऱ्याला विचारावे. कारवी फुलली का, एवढेच विचारून भागत नाही, कारण दोन झुडपे फुलली असली तरी भला माणूस होच म्हणेल. सगळा उतार फुलला आहे की तुरळक झाडे, तुरे अजून कळ्यांत आहेत की खालची फुले गळू लागली आहेत, हे विचारावे.

साल जुळले तरी दिवस जुळावे लागतात. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा हा हंगाम. त्यातही पावसाने दोन-तीन दिवस उघडीप द्यावी, म्हणजे ताजी फुले झोडपून गेलेली नसतात. लख्ख उन्हाचा आग्रह छायाचित्र घेणाऱ्याने धरू नये. कारवीचा निळसर जांभळा रंग कडक उन्हात फिका पडतो आणि पातळ ढगांखाली खुलतो. घाई न करता एका फुलाशी थांबावे. तुतारीसारख्या त्या फुलाच्या नळीत डोकावले तर आतल्या अंगाला बारीक केसांच्या ओळी दिसतात. तुऱ्याला बोट लावले तर ते चिकटते आणि त्याचा उग्र वास बोटाला कितीतरी वेळ राहतो. मात्र डहाळी मोडून हाती घेऊ नये, आणि चांगल्या चित्रासाठी वाट सोडून झुडपांत शिरू नये. मांडवात पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे.

पण मी मूळ मुद्द्यावर परत येतो, कारण तो निसटण्याचा संभव फार आहे. साल लिहून ठेवा. दक्षिणेत मुन्नारच्या डोंगरांत कारवीचीच बहीण नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. तिच्या फुलोऱ्याचा सालवार दाखला 1838 पासून सांगितला जातो. त्यामुळे 1994, 2006, 2018 ही साले तिथे ज्याच्या त्याच्या तोंडी आहेत, आणि 2030 ची वाट आतापासून पाहता येते. आपल्याकडे मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी 2008 साली, मग 2016 साली आणि मग 2024 साली फुलली. तेथील नोंद राहिली, म्हणून 2032 चा अदमास बांधता येतो. बाकीच्या घाटमाथ्याचे काय? माळशेज, रतनगड, कोकणात उतरणाऱ्या असंख्य नाळा, यांचे दप्तर कोणी ठेवले आहे? हजारो छायाचित्रे निघतात आणि त्यांतल्या बहुतेकांखाली गावाचे नाव नसते, उताराची दिशा नसते, पुष्कळदा सालही नसते. लग्नघरी आहेराची वही असते. कोणी काय दिले, कोणत्या तिथीस दिले, हे त्यात मांडलेले असते, आणि ती वही पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते. कारवीच्या मांडवाला शेकडो माणसे जातात, पण वही कोणी घालत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कारवीच्या दाट मधाविषयी, तिच्या काठ्यांच्या कुडाविषयी आणि फुलोरा सरल्यावर जूनच्या पहिल्या सरींत तिची वाळकी बोंडे तडतडत फुटून बी दूर उडते त्याविषयीही बोलण्याचा विचार होता. एका उतारावरची सगळी कारवी एकदम बी धरते म्हणूनच ते खाणाऱ्यांना पुरून उरते, असे अभ्यासक मानतात; त्याचा विस्तार करण्यास आता अवकाश नाही. वेळ संपत आली आहे.

तेव्हा एवढेच मागणे. यंदा ज्या कुणाला फुललेला उतार भेटेल, त्याने घरी परतल्यावर त्याच रात्री छायाचित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात : पायथ्याचे गाव, डोंगराचे अंग, तारीख आणि साल. फुलोरा सगळ्या उतारावर होता की तुरळक, हे पाचवे. आणि जिथे फुलोरा नव्हता, तिथे तो नव्हता हेही अवश्य लिहावे. पुढे हिशेब मांडणाऱ्याला त्याचाही तितकाच उपयोग होतो.