किरण आला की आली?

माझ्या पुतणीचं नाव किरण. इथं इचलकरंजीतच वाढलेली. परवा ती घुश्शातच आमच्याकडं आली. म्हणाली, "काका, मी नाव बदलून घेते." परीक्षेच्या प्रवेशपत्रावर लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' असं छापून आलं होतं. अर्ज तिनं बिनचूक भरला होता. कुणीतरी नावावरून अंदाज बांधला. दुरुस्तीसाठी दोन हेलपाटे झाले, काम काही झालं नाही.

मी म्हटलं, "बस आधी. नाव बाईचं की पुरुषाचं, हे ठरवतं कोण?"

शिरीष पै कवयित्री, तर शिरीष कणेकर लेखक. सुहास जोशी अभिनेत्री, तर सुहास शिरवळकर कादंबरीकार. किरण बेदी पोलीस अधिकारी, तर किरण नगरकर कादंबरीकार. शिरीष हे नाजूक फुलांचं झाड, सुहास म्हणजे गोड हसू, किरण म्हणजे उजेडाची रेघ. यांत बाई-पुरुष असा भेद कुठला? व्याकरणात 'किरण' पुल्लिंगी; पण ते माणसाचं नाव झालं की क्रियापद माणसाकडं बघून चालतं. 'किरण आला', 'किरण आली'. बोलताना गोंधळ होत नाही. तो होतो कागदावर, जिथं नुसतं नाव असतं.

स्कॉटलंडमध्ये अशा नावांची वाट निराळी. लेस्ली हे मुळात ॲबर्डीनशायरमधलं ठिकाण. त्यावरून आडनाव पडलं आणि पुढं तेच पाळण्यातलं नाव झालं, मुलाचं आणि मुलीचंही. कवी रॉबर्ट बर्न्स यानं १७९२ मध्ये लेस्ली नावाच्या तरुणीवर गीत लिहिलं. लेस्ली हॉवर्ड हा मात्र चित्रपटातला नट. आपल्याकडं गाव बहुधा आडनावापाशीच थांबतं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीवरून इचलकरंजीकर झाले; पण बारशाला बाळाच्या कानात कुणी 'इचलकरंजी' म्हणत नाही!

पुतणी हसली. मग म्हणाली, "ते खरं, पण हेलपाटे मीच का घालायचे?"

प्रश्न रास्त होता. चूक नावाची नव्हती. भरलेला रकाना न वाचता नावावरून ठरवून टाकणाऱ्याची होती. मग नाव तिनं का बदलावं?

चार दिवसांनी दुरुस्त प्रवेशपत्र मिळालं. ते दाखवायला आली, तेव्हा दारातूनच ओरडली, "काका, किरण आली!"