कातळावरची सोनकी



युरोपात जुन्या किल्ल्यांच्या भिंतींवर, दगडांच्या सांध्यांत एक पिवळं फूल उगवतं. वॉलफ्लॉवर. चार पाकळ्यांचं, आपल्या मोहरीच्या कुळातलं. खडकबागांचे हौशी लोक त्याची बी मुद्दाम मिळवून लावतात. लावोत बापडे. पण सह्याद्रीत सोनकी असताना आपण बाहेर कशाला बघायचं?

गणपतीच्या सुमाराला हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईच्या वाटेवर गेलेल्यांना सोनकी वेगळी सांगायला नको. अख्खे उतार पिवळे झालेले असतात. पण एकच फूल जवळून बघा. ज्याला आपण एक फूल म्हणतो, तो खरं तर फुलांचा गुच्छ असतो. कडेला पाकळीसारखी दिसणारी फुलं आणि मधे बारीक नळ्यांसारख्या फुलांची दाटी. प्रत्येक नळी म्हणजे एक पूर्ण फूल. पुढे त्याचीच बी होते, डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुबका घेऊन वाऱ्यावर निघते, आणि झाड वाळून जातं. एका पावसाळ्याचा संसार!

माती म्हणाल तर बोटभर. खाली काळा पाषाण, वर पाणी वाहून जाणारा उतार. नेमकं हेच आपण बागेत विसरतो. कुंडी शेणखतानं भरतो, रोज पाणी घालतो, मग मुळं कुजतात. आपल्या शहराभोवती बेसाल्ट आहे, मुरूम आहे. खडकबागेला आणखी काय हवं? दगड तिरके रचा, फटींत मुरूम आणि चिमूटभर माती भरा, आणि मृगाच्या पावसात बी टाका. खत नको. सह्याद्रीचा पाऊस इथे नाही, आपल्याकडे वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर पडतो. म्हणून मोठी उघडीप पडली तर हलका शिडकावा करा, एवढंच.

बी मात्र आपल्या किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावरून घ्या. अभयारण्यातून एक दाणाही उचलायचा नाही, आणि रोप तर कुठूनच उपटायचं नाही.

आपल्या शहराजवळच्या म्हैसमाळला गेलात आणि गवतात पिवळं काही दिसलं, तर लगेच सोनकी समजू नका, खाली वाकून बघा. पतंगासारखी पाकळी आणि तिच्यावर दोन तांबडे ठिपके असतील, तर तो कवला. तो शेंगावर्गातला, ओल्या गवतात रमणारा. त्याला खडकबागेत आणू नका.