फी शंभर, वाट अठरा महिने



फवारणीचं औषध दुकानात येण्याआधी त्याची नोंदणी व्हावी लागते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने हे काम नोंदणी समितीकडे दिलं. तिची कचेरी फरीदाबादला. १९७१ च्या नियमांत अर्जाची फी धरली शंभर रुपये. स्वस्तच म्हणायची! पण फीपायी कोणी अडत नाही, अडतो तो चाचण्यांच्या खर्चाने आणि वेळाने. निर्णयाला कायद्याने बारा महिने दिले, वर आणखी सहाची सवलत. अठरा महिन्यांत आमचे कपाशीचे दोन हंगाम निघून जातात. बोंडअळी काही समितीच्या बैठकीसाठी थांबत नाही.

डोळे झाकून परवाने वाटा, असं आम्ही म्हणत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक जण दगावले, त्यात मजूरही होते. तपासणी पुरी हवीच.

ज्वारीचं दुखणं निराळं. नोंदणी पिकाच्या नावानिशी होते. ज्वारीच्या औषधात कमाई थोडी, मग तिच्यासाठी अर्ज घेऊन कोणती कंपनी धावणार? खोडमाशी मात्र येतेच.

आमचं मागणं असं: कोणता अर्ज कोणत्या तारखेला आला आणि कशापायी अडला, हे तालुक्याच्या कृषी कचेरीत मराठीत लावा.